स्वेच्छेने परत दिलेल्या श्रवणयंत्राबाबत

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
श्रवणसाधने वाटप व परतावा विभाग,
दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताची खोली.

विषय : भाचीने आपल्या हाती दिलेले कानाचे यंत्र तिने 'स्वेच्छेने परत केले' असे समजू नये, व तिचा कान वाढून यंत्राचा कानातला साचा निकामी होण्याआधी ते तिला मिळावे, याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची पोच (यंत्र), जी मुलीच्या फ्रॉकला टाचणीने लावून घरी आली. २) पहिल्या सुनावणीची पोच (डबी, ब्रश, सेलचे पाकीट). ३) दुसऱ्या सुनावणीचा शेरा. ४) यंत्र प्रतीक्षायादीतील पुढच्या मुलाकडे वर्ग करण्याबाबतचे आपले पत्र.

महोदय,

खाली सही करणारी अर्जदार हात जोडून कळवते ते असे :

१. याच विषयावरचा आधीचा अर्ज 'मी' असे लिहून केला होता. खिडकीवरच्या कारकुनांनी तो वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद परत सरकवला. "बाई, अर्जात मी-मी करायचं नसतं. 'अर्जदार' लिहा. आणि रडगाणं जरा थोडक्यात." पहिली सूचना अर्जदाराने पाळली आहे. दुसरी पाळण्याचा प्रयत्न चालू आहे. अर्जदार शाळेत थोडीच शिकली. बाकीचे शिक्षण वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांवर आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांभोवती गुंडाळून येणाऱ्या वर्तमानपत्रांवर झाले. त्यामुळे भाषा कुठे सरकारी आणि कुठे घरची झाली, तर ते ठिगळ समजून चालवून घ्यावे. अर्जदाराचा धंदाच ठिगळाचा आहे.

२. अर्जदाराचे रस्त्याकडेच्या खोलीत कपडे दुरुस्तीचे दुकान आहे. चेन बदलणे, पँटी आखूड करणे, विरलेल्या कोपरांना तुकडा लावणे, लग्नानंतर अंग भरलेल्या माणसांचे कोट उसवून देणे. दुकानामागच्या दोन खोल्यांत अर्जदार, तिची धाकटी बहीण आणि बहिणीची मुलगी अशा तिघी राहतात. बहीण पावाच्या भट्टीवर कामाला आहे. उजाडायच्या आत निघते. म्हणून मुलीची सकाळ, म्हणजे केस, मोजे, डबा आणि कान, हे खाते पहिल्यापासून मावशीकडे, म्हणजे अर्जदाराकडे आहे. मुलीला घरात गोटी म्हणतात. कागदोपत्री नाव आपल्याकडे आहेच.

३. गोटीला डाव्या कानाने जवळजवळ काही ऐकू येत नाही. उजव्याने यंत्र लावले तर येते. ही झाली एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की तिला शिकायला वेळ लागतो. शाळेच्या दाखल्यावर त्याला लांबलचक नाव आहे. बहिणीला ते अजून नीट उच्चारता येत नाही आणि अर्जदाराला उच्चारावेसे वाटत नाही. घरचे नाव सोपे आहे : इतर मुले दुपारी शिकतात ते गोटी एका ऋतूत शिकते. पण एकदा शिकली की काळ्या दगडावरची रेघ. मग ती पुसायला ब्रह्मदेव आला तरी हात हलवत परत जाईल. साहेब, या अर्जातले सगळे रामायण त्या रेघेमुळे घडले आहे. म्हणून ती रेघ कशी पडली ते सांगणे भाग आहे.

४. आपल्या विभागाने यंत्र दिले, त्याबद्दल अर्जदार आणि तिची बहीण आजही ऋणी आहेत. यंत्र आले तेव्हा गोटीला तो किडा वाटला. तिने तो बटणांच्या डब्यात टाकला, उशीखाली दडपला, शेजारच्या मांजराच्या कानाला लावून पाहिला. सैल बसले की यंत्र शिट्टी मारते. ती शिट्टी तिला फार आवडे, म्हणून ती मुद्दाम सैल बसवी आणि खुदखुदे. यंत्र बसवणाऱ्या बाईंनी सांगितले होते : "एका वेळी एकच गोष्ट शिकवा, मावशी. घाई केलीत तर सगळंच सांडेल." मग अर्जदाराने चिंध्यांची एक बाहुली शिवली आणि तिला असे कान लावले की बहीण म्हणाली, "ताई, हा ससा झाला गं." अर्जदार म्हणाली, "होऊ दे. सशाला निदान ऐकू तरी येतं." त्या सशावर गोटी शिकली. आधी आकडा कानामागे. मग कॉलर उलटवून बसवतात तसा कानाच्या मापाचा साचा फिरवून आत. मग सेलचे झाकण बंद. झाकण लागले की यंत्र चार सुरांची छोटी धून वाजवते. ती धून ऐकू आली की गोटी दोन्ही हात वर करायची, शर्यत जिंकल्यासारखी. हे सगळे जमायला किती दिवस लागले याचा हिशेब अर्जदाराने ठेवला नाही. ठेवला असता तर धीर सुटला असता.

५. लावायला शिकली, पण काढून द्यायला शिकेना. बाईंना दर काही आठवड्यांनी यंत्र तपासावे लागते, नळी बदलावी लागते. गोटी कान झाकून टेबलाखाली शिरायची. एकदा तिने बाईंच्या हाताला चावाही घेतला. म्हणून अर्जदाराने एक नियम बसवला आणि तोच पुढे नडला : पांढरा कोट दिसला की यंत्र काढायचे, तळहातावर ठेवायचे आणि हात पुढे करायचा. दुकानात दुरुस्तीला आलेला एका डॉक्टरांचा कोट होता. तो अंगात घालून अर्जदार दारातून आत यायची, बाहेर जायची, पुन्हा आत यायची. समोरचा न्हावी म्हणायचा, "मावशी, आज किती पेशंट?" शेवटी जमले. दवाखान्यात गोटीने आपणहून यंत्र पुढे केले, तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आले आणि अर्जदाराने फुशारकीने इकडेतिकडे पाहिले.

६. मात्र कोट, शर्ट आणि एप्रन यांत फरक असतो, हे शिकवायचे राहिले. शिंप्याच्या धंद्यातल्या बाईकडून ही चूक व्हावी, याला काय म्हणावे! गोटीच्या लेखी पांढरे ते पांढरे. आधी न्हाव्याला यंत्र मिळाले, त्याच्या पांढऱ्या डगल्यामुळे. मग औषधाच्या दुकानदाराला. मग भट्टीच्या मालकांना, पिठासकट. आमच्या रस्त्याचे उपकार असे की कुणी हसले नाही, कुणी घाबरले नाही. न्हाव्यानेच पद्धत पाडली : यंत्र घ्यायचे, डोळ्यांजवळ धरून बघायचे, हळूच फुंकर मारायची, "झकास चाललंय हं, बाईसाहेब" म्हणायचे आणि परत तिच्या तळहातावर ठेवायचे. ती ते पुन्हा कानात बसवायची आणि रुबाबात पुढे चालू लागायची. एकदा रंगारी भिंत घासून चुन्याने पांढराफटक झाला होता. त्यालाही तपासणीचा मान मिळाला. तो शिडीवरून खाली उतरला, हात पुसले, फुंकर मारली. अशी सगळी गल्ली यंत्र तपासू लागली. अर्जदाराने ते मोडले नाही. तिला वाटले, मुलगी माणसांत जाते आहे, जाऊ दे.

७. पडताळणीच्या दिवशी आपण शाळेत आलात. शाळेतल्या बाई तेव्हा एका मुलाचे वाहते नाक धरून नळापाशी उभ्या होत्या. आपण वर्गात पाऊल टाकलेत. आपला शर्ट पांढरा होता. गोटी बाकांमधून उठली, यंत्र काढले, तळहातावर ठेवले आणि हात पुढे केला. आपण ते घेतलेत. यात आपला काही दोष आहे असे अर्जदार म्हणत नाही. कुणी काही पुढे केले की माणूस घेतोच. आपण "शाबास, प्रामाणिक मुलगी आहे" असेही म्हणालात, असे वर्गातली मुले सांगतात. मुले आणखी एक सांगतात : ती नंतर बराच वेळ तसाच तळहात पुढे करून उभी होती. ती फुंकरीची वाट पाहत होती, साहेब. आपल्याला वाटले असावे की पोच मागते आहे. आपण पोच दिलीत.

८. ती पोच फ्रॉकला टाचून गोटी घरी आली. बहीण भट्टीवरून नुकतीच आली होती. "ताई, हिचा कान कुठाय?" एवढेच तिने विचारले आणि भिंतीला टेकून बसली. पोचेवर लिहिले होते : 'लाभार्थीने साधन स्वेच्छेने परत केले. गरज वाटत नसल्याचे दिसते.' अर्जदार दुसऱ्याच दिवशी दुकानाला कुलूप लावून आपल्या कार्यालयात आली. खिडकीवर झालेले बोलणे जसेच्या तसे देते. कारकून : "वस्तू दिली की नाही दिली?" अर्जदार : "दिली." कारकून : "कुणी जबरदस्ती केली?" अर्जदार : "नाही हो." कारकून : "मग स्वेच्छाच की. एक तर स्वेच्छा, नाहीतर जप्ती. तिसरा रकाना नाहीये माझ्याकडे." अर्जदाराने फुंकरीची पद्धत समजावून सांगितली. कारकून माणूस वाईट नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग आवाज खाली करून म्हणाले, "तरीच. कपाटातून बारीक शिट्टी येत होती एक-दोन दिवस. आम्हाला वाटलं उंदीर. पिंजरापण लावला." म्हणजे यंत्र झाकण बंद करून, सेलसकट पाकिटात ठेवले होते आणि सेल संपेपर्यंत ते आत बोलत राहिले होते. अर्जदार घरी गेली, पण त्या दिवशी तिच्या हातून सरळ शिवण पडली नाही.

९. पहिली सुनावणी. मुलीला समक्ष आणावे असा निरोप आला, म्हणून आणले. नातेवाईक उत्तरे सुचवतात या कारणाने अर्जदाराला बाहेर बसवले. दाराला काच आहे. त्यातून दिसते, ऐकू येत नाही. त्या अर्थी अर्जदार आणि मुलगी त्या वेळी एकाच पायरीवर होत्या. आत आपण आणि आणखी दोघे. तिघांचेही शर्ट पांढरे. गोटीने एकेकाकडे पाहिले. तिचा हात कानापाशी गेला. कानात काही नव्हते. मग तिने दप्तर उघडून यंत्राची डबी काढली आणि पहिल्या साहेबांना दिली. दुसऱ्यांना साफ करायचा ब्रश दिला. तिसऱ्यांना सेलचे पाकीट. मग तिघांपुढे तळहात धरला. प्रश्न तोंडी विचारले गेले, असे नोंदीवर आहे. 'प्रश्न : साधन नको असण्याचे कारण काय? उत्तर : मुलगी हसली. प्रश्न : साधनाशिवाय अडचण आहे काय? उत्तर : मुलगी हसली. अभिप्राय : मुलगी समाधानी दिसते.' साहेब, समोरचा ओठ हलवायचा थांबला की हसायचे, हे तिला कुणी शिकवलेले नाही. ते ती आपले आपणच शिकली. ज्याला ऐकू येत नाही तो लहानपणीच ओळखतो, की हसले म्हणजे लोक पुढचे विचारत नाहीत. बाहेर पडताना शिपायाने अर्जदाराच्या हाती दुसरी पोच दिली. एक वस्तू मागायला आलेली माणसे तीन वस्तू जमा करून गेली. "असं पहिल्यांदाच बघितलं," शिपाई म्हणाला. "लोक घेऊन जातात इथून. तुम्ही म्हणजे आमचं कपाट भरताय."

१०. दुसऱ्या सुनावणीला अर्जदाराने दप्तर घरीच ठेवले. खिसे उलटे करून पाहिले. देण्यासारखे काही राहू नये अशी दक्षता घेतली. आत गेल्यावर गोटीने पुन्हा पांढरे शर्ट पाहिले. दप्तर नाही, खिसे रिकामे. तिने मागे वळून काचेकडे पाहिले. अर्जदाराने मानेने 'काही नको' अशी खूण केली. ती खूण तिला कळली नाही, किंवा नियमापुढे खूण फिकी पडली. तिने आपला उजवा कान धरला आणि ओढू लागली. काढून द्यायला तेवढेच उरले होते. ओढता ओढता कान लालबुंद झाला तरी ती हसत होती, कारण समोरचे प्रश्न विचारून थांबत होते. अर्जदार दार ढकलून आत शिरली, त्याबद्दल तिने तेव्हाही माफी मागितली होती, आता लेखी मागते. शेरा असा झाला : 'मुलगी कानाकडे निर्देश करून नापसंती दर्शवते. नातेवाईक महिलेने कामात व्यत्यय आणला.'

११. यानंतर अर्जदाराने जे केले ते लपवण्यात अर्थ नाही. तिने गोटीला 'द्यायचे नाही' हे शिकवायला घेतले. पुन्हा तो डॉक्टरांचा कोट, पुन्हा ते दारातून आत-बाहेर. या वेळी हातात बटण द्यायचे आणि ते मुठीत घट्ट धरायला लावायचे. न्हावी या वेळी वस्तऱ्याला धार लावत राहिला. नवल म्हणजे हे तिला फार लवकर आले. कदाचित गमावल्यावर माणूस लवकर शिकत असेल. पण शिकली ती पुरतीच शिकली. शाळेत वही देईना. जेवण झाल्यावर ताटली सोडीना. आईने भट्टीवरून गरम पाव आणला की पूर्वी आधी अर्धा मोडून मावशीला द्यायची. आता पाव पोटाशी धरून कोपऱ्यात जाऊन बसू लागली. आणि मध्यंतरी रस्ता ओलांडताना तिने हात दिला नाही. अर्जदाराने हात पुढे केला, तशी तिने मूठ पाठीमागे लपवली आणि एकटीच रस्त्यात उतरली. मागून हातगाडी येत होती. हातगाडीवाला ओरडत होता, पण ओरडण्याचा काय उपयोग! त्याने गाडी भिंतीवर घातली, म्हणून आज हा अर्ज वेगळ्या विषयाचा नाही. गाडीवाल्याने शिव्या दिल्या. अर्जदाराने त्या मान खाली घालून घेतल्या. त्या संध्याकाळी बहीण म्हणाली, "ताई, एक वेळ कान नसला तरी चालेल. पण माझी पोर अशी कंजूष नको करूस गं." अर्जदाराने तो पाठ तिथेच थांबवला. आता तो पुसायचे काम चालू आहे. पाव अर्धा मोडते, पण देताना अजून थोडी थांबते.

१२. आता आपले शेवटचे पत्र. त्यात म्हटले आहे की यंत्र प्रतीक्षायादीतील पुढच्या मुलाकडे वर्ग होत आहे; हरकत असल्यास येत्या गुरुवारी मुलीने समक्ष येऊन, स्वतःच्या तोंडाने, यंत्राची मागणी करावी. याबाबत तीन गोष्टी नम्रपणे मांडते. पहिली, मुलीने मागणी करावी तर आधी 'काय पाहिजे?' हा प्रश्न तिला ऐकू यायला हवा. आणि तो ऐकण्याचे साधन आपल्या कपाटात आहे. दुसरी, गोटीला जे शब्द बोलता येतात ते मोजके आहेत आणि 'यंत्र' हा त्यांतला नाही. 'माऊ' म्हणजे मावशी, 'पा' म्हणजे पाव. असेच आणखी काही. यंत्राला ती हाताने कान दाखवते, आणि ते आपण नापसंतीत धरले आहे. तिसरी, कानातला साचा तिच्या कानाचे माप घेऊन ओतलेला आहे. पुढच्या मुलाच्या कानात तो बसणार नाही. आणि यंत्र बसवणाऱ्या बाई म्हणतात, पोर वाढीला लागले आहे, थोड्या महिन्यांनी तो हिच्याही कानात बसणार नाही. मग नवा साचा, नव्याने नोंद, नव्याने पडताळणी. फाईल आपल्या चालीने चालेल, कान त्याच्या चालीने वाढेल. त्या पुढच्या मुलाबद्दल अर्जदाराच्या मनात वाकडे काही नाही. त्यालाही यंत्र मिळावे; दोन्ही कानांना मिळावे. पण या मुलीने नाकारले म्हणून त्याला मिळाले, असे कुठे लिहिले जाऊ नये. तिने कधीच नाकारलेले नाही.

१३. अर्जदार विचार करकरून या निष्कर्षाला आली आहे, की या प्रकरणात कुणाला तरी नवीन काहीतरी शिकावे लागणार : एक तर मुलीला न द्यायला, नाहीतर कार्यालयाला न घ्यायला. मुलीला शिकवून पाहिले. वर लिहिलेच आहे. कार्यालयालाही शिकायला वेळ लागतो हे अर्जदाराला मान्य आहे, आणि त्याबद्दल तिच्या मनात राग नाही. ज्याला वेळ लागतो त्याच्याशी कसे वागावे, एवढे एक तिला घरीच शिकायला मिळाले आहे. एका वेळी एकच गोष्ट. म्हणून विनंत्याही अगदी थोड्या :

(अ) गुरुवारी मुलीला खोलीत बोलावण्याआधी यंत्र तिच्या हातात द्यावे. नवा सेल अर्जदार बाहेरून आणेल. यंत्र मुलगी स्वतः बसवेल. कुणी मदत करू नये. तिला किती येते ते तेव्हाच दिसेल. हीच तिची तोंडी मागणी समजावी.

(आ) त्या दिवशी आपण व इतर दोघा साहेबांनी पांढरे घालू नये. गणवेशाची अडचण असल्यास सोबत तीन निळे झगे पाठवत आहे. ते शर्टावरून चढवता येतात. हे लाच म्हणून नाहीत. काम झाल्यावर परत करावेत. मापे दाराच्या काचेतून नजरेने घेतली आहेत, त्यामुळे बाह्या लांब झाल्यास दुमडून घ्याव्यात.

(इ) हे दोन्ही नियमात बसत नसेल, तर निदान निकाल लागेपर्यंत यंत्राच्या सेलचे झाकण उघडे ठेवावे आणि पाकीट कपाटाच्या खालच्या कप्प्यातून वर घ्यावे. खालच्या कप्प्यामागची भिंत ओली आहे. अर्जदाराने बाकावर बसून बसून ती पाहिली आहे. ओल लागली तर यंत्र कुणाच्याच उपयोगाचे राहणार नाही. ना हिच्या, ना त्या पुढच्या मुलाच्या.

१४. गुरुवारपर्यंत थांबता आले असते, तरी हा अर्ज आजच का, तेही सांगते आणि थांबते. काल दुपारी बहीण भट्टीवरून आली. गोटी दाराकडे पाठ करून ओट्यावर बसली होती, चिंध्या लावत. यंत्र होते तेव्हा बहीण कोपऱ्यावरूनच नावाने हाक मारायची, आणि पोर हातातले सगळे टाकून पळत सुटायची. यंत्र गेल्यावरही बहीण मारतच होती हाक, सवयीने. मग मनाशीच म्हणायची, 'अगं बाई, विसरलेच.' काल ती गुपचूप आली, वळसा घालून पुढे गेली आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. शिवण थांबवून अर्जदार बघत राहिली. मग तिला आठवेना, की तिने स्वतः शेवटची हाक कधी मारली. न्हावीही आता लांबून नुसता हात करतो. कुणी ठरवले नाही, कुणी कुणाला सांगितले नाही. मुलीचे नाव घरात आणि गल्लीत कुणी घेईनासे झाले आहे. इतके दिवस अर्जदाराला धाक होता की मुलगी ऐकणे विसरेल. आम्ही हाक मारणे विसरू, हे तिच्या ध्यानीमनी नव्हते. यावर अर्जदाराकडे काही उपाय नाही. तिच्याजवळ सुई आहे, दोरा आहे, आणि हा कागद आहे.

तरी आपण घरातल्या एखाद्या लहान माणसाकडे बघून या अर्जाचा विचार करावा, ही कळकळीची विनंती. अर्ज लांबल्याबद्दल खिडकीवरच्या साहेबांनी रागावू नये.

आपली नम्र, आणि आपल्याच जिन्यावरून चढ-उतार करणारी,

(सही)
अर्जदार : मुलीची मावशी
कपडे दुरुस्तीचे दुकान, न्हाव्यासमोर

दिनांक : सोमवार, कार्यालय उघडण्याच्या वेळी

सोबत :
१. पोच, दोन. (एकीला टाचणीची भोके आहेत, ती खाडाखोड समजू नये.)
२. यंत्र बसवणाऱ्या बाईंचे पत्र, साचा व कानाच्या वाढीबाबत.
३. निळे झगे, तीन.
४. मुलगी. बाहेर बाकावर बसली आहे. आत घ्यायचे झाल्यास हाक मारू नये. समोर जाऊन खांद्याला हात लावावा, म्हणजे उठेल.